एअर हँडलरचा ट्रान्सफॉर्मर घुमतो, तापतो, पुन्हा पुन्हा जळतो: बदलण्याआधी काय बघायचं

"मागच्या वेळी बदलला, चार महिने चालला, आता पुन्हा जळका वास येतोय." एअर हँडलरच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरची तक्रार बहुधा याच शब्दांत येते. उत्तरही ठरलेलं असतं: माल हलका निघाला, या खेपेला चांगला टाकू. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच सांगायचो. आता नाही सांगत. हा ट्रान्सफॉर्मर आपल्या मरणाने क्वचित मरतो. बहुतेक वेळा बाहेरून कोणीतरी त्याला राबवून मारलेलं असतं. ते कारण तसंच ठेवून नवा बसवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी बोलतोय ते डक्टमधून हवा फिरवणाऱ्या घरगुती यंत्रणेबद्दल. भिंतीवरच्या स्प्लिटच्या आतल्या युनिटमध्ये हल्ली बहुधा स्विचिंग सप्लाय असतो, त्याची दुखणी वेगळी. एअर हँडलरमध्ये मात्र ब्लोअरच्या कप्प्यात, कंट्रोल बोर्डाच्या शेजारी, मुठीएवढा लोखंडी ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर स्क्रूने बसवलेला दिसेल. मेन्सचे १२०, २३० किंवा २४० व्होल्ट घेऊन तो २४ व्होल्ट एसी देतो. थर्मोस्टॅट, ब्लोअरचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), बाहेरच्या युनिटमधला कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा मोठा स्विच), डँपरच्या (डक्टमधल्या झडपांच्या) मोटरी, ह्युमिडिफायरचा व्हॉल्व्ह, सगळे याच २४ व्होल्टवर जगतात.

आता त्याचं लेबल वाचा. बऱ्याच युनिटमध्ये ४० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) असं लिहिलेलं असतं. ४० भागिले २४, म्हणजे साधारण १.६७ अँपिअर. एवढीच त्याची ताकद. आणि बोर्डावरचा फ्यूज बघा, गाडीत असतो तसा पात्यांचा, ३ नाहीतर ५ अँपिअरचा. ३ अँपिअर म्हणजे ७२ व्हीए, ५ अँपिअर म्हणजे १२० व्हीए. सगळी गोम इथे आहे. दोन तारा थेट भिडल्या तर फ्यूज लगेच उडतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. पण ४० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर ५५ व्हीएचा बोजा पडला तर फ्यूजला त्याची खबरही लागत नाही. ट्रान्सफॉर्मर तासन्‌तास मंद आचेवर शिजत राहतो.

म्हणून मी सगळ्यात आधी विचारतो, फ्यूज उडाला होता का? उडत असेल तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे, तारा शोधा. फ्यूज शाबूत आणि ट्रान्सफॉर्मर काळा पडलेला, तर जास्तीचा बोजा, चुकीचं व्होल्टेज किंवा अडलेली हवा. एवढ्या एका प्रश्नाने अर्धी शोधाशोध वाचते. काही ट्रान्सफॉर्मरला स्वतःचं छोटं ब्रेकर-बटण असतं. ते बाहेर येत असेल तर त्यालाही हाच प्रश्न विचारायचा. बटण दाबून परत चालू करत राहणं हा उपाय नव्हे.

पॅनेल उघडण्याआधी एक गोष्ट. थर्मोस्टॅट बंद केला म्हणजे युनिट बंद झालं असं नाही. ट्रान्सफॉर्मरची मेन्सकडची बाजू चोवीस तास जिवंत असते. मेन स्विच किंवा ब्रेकर पाडा, मीटर लावून व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री करा, ब्लोअरच्या कॅपॅसिटरपासून हात लांब ठेवा. खाली मी चालू सप्लायवरची मोजमापं सांगितली आहेत. मेन्सवर काम करायची सवय नसेल तर ती टेक्निशियनकडून करून घ्या. आपण शेजारी उभं राहून आकडे लिहून घेतले तरी पुरेसं आहे. आणि घुमण्याऐवजी तडतड ऐकू आली, ठिणगी दिसली किंवा धूर निघाला, तर तपासणी वगैरे काही नाही, ब्रेकर पाडा आणि तसाच ठेवा.

आवाज कोणाचा ते आधी ठरवा

सगळेच ट्रान्सफॉर्मर थोडे घुमतात. कोअरच्या लोखंडी पट्ट्या चुंबकत्व बदलेल तशा अगदी किंचित लांब-आखूड होतात, एका आवर्तनात दोनदा. म्हणून ५० हर्ट्झच्या सप्लायवर १०० हर्ट्झची आणि ६० हर्ट्झवर १२० हर्ट्झची खर्जातली गुणगुण निघते. कान पॅनेलजवळ नेल्यावरच ती ऐकू येत असेल तर विसरून जा. शेजारच्या खोलीत झोप मोडत असेल तर बघायला हवं.

पण घुमतोय तो ट्रान्सफॉर्मरच, हे कशावरून? कॉन्टॅक्टर, रिले, ब्लोअरची मोटर, सगळ्यांचा सूर जवळपास सारखाच लागतो. यावर सोपी युक्ती आहे. थर्मोस्टॅट पूर्ण बंद करा. आता ट्रान्सफॉर्मर सोडून बाकी जवळजवळ सगळे गप्प असतात. तरीही गुणगुण चालू राहिली तर ती ट्रान्सफॉर्मरची. थंडाव्याची मागणी गेल्यावरच सुरू होत असेल तर एकतर कॉन्टॅक्टर बोलतोय, नाहीतर बोजा पडल्यावर ट्रान्सफॉर्मर कण्हतोय.

मग पॅनेलचा पत्रा बाहेरून तळहाताने दाबून बघा. आवाज बदलला, दबला, की दोष पत्र्याचा. ट्रान्सफॉर्मर छोटा, पण मोकळा पत्रा त्याच्यासाठी नगाऱ्यासारखा वाजतो. स्क्रू ढिले असतील तर घट्ट करा, पॅनेलच्या कडेला फोमची पट्टी लावा, हवं तर ट्रान्सफॉर्मरच्या पायांखाली रबरी वॉशर घाला. मात्र रबर घातलं की ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी अंगाचा पत्र्याशी असलेला संबंध तुटतो, म्हणजेच त्याचं अर्थिंग जातं. अशा वेळी अर्थिंगची वेगळी तार बॉडीला जोडायचीच. चांगल्या चांगल्या लोकांना हे विसरताना मी पाहिलंय.

कोअरच्या पट्ट्याच आतून सुटल्या असतील तर सुरात खरखर मिसळते. पट्ट्या घट्ट धरणारं वार्निश उष्णतेने कोरडं पडून निघून गेलेलं असतं. त्यात गोंद किंवा एपॉक्सी ओतायचे प्रयोग मी बघितलेत, कशाचाही दोन-तीन आठवड्यांपलीकडे उपयोग झाला नाही. आवाज गेला तरी ज्या उष्णतेने वार्निश खाल्लं ती तिथेच असते.

रात्री जास्त घुमतो अशी तक्रार पुष्कळ जण करतात, आणि ती मनाचा खेळ नसते. घर शांत असतं हे एक. पण रात्री आसपासचा वापर कमी झाला की लाइनचं व्होल्टेजही बऱ्याच ठिकाणी वर चढतं. म्हणून व्होल्टेज मोजायचं तर रात्रीही एकदा मोजा.

किती तापला म्हणजे फार तापला

हात लावून सांगता येत नाही. ६० अंशांच्या लोखंडावर हात काही क्षणांपलीकडे ठेववत नाही, पण बोज्याखालच्या ट्रान्सफॉर्मरला तेवढं तापमान काही विशेष नाही. नुसता उभा असतानाही तो काही वॅट खातो, त्यामुळे कोमट असणारच. आतल्या वाइंडिंगचं इन्सुलेशन बी वर्गाचं असेल तर १३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, एफ वर्गाचं १५५ पर्यंत. वर्ग लेबलवर असतो. मर्यादेच्या वर दर दहा अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा धंद्यातला जुना ठोकताळा आहे आणि तो बराच खरा ठरतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थेट चकचकीत धातूवर रोखू नका, आकडा खोटा आणि बहुधा कमी येतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा कोअरवर चिकटवा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि टेपवर वाचा. शिवाय वास, वाइंडिंगवरच्या कागदाचा तपकिरी झालेला रंग, बाहेर ओघळून थिजलेलं वार्निश, लेबलचे करपलेले कोपरे, हे थर्मामीटरपेक्षा जास्त बोलतात.

गरम होण्याचं एक बिनखर्चाचं कारण आधीच निकालात काढा. पुष्कळ युनिटमध्ये ट्रान्सफॉर्मर ब्लोअरच्या वाहत्या हवेत असतो आणि तीच हवा त्याला थंड ठेवते. फिल्टर चोंदला, हवा कमी झाली, त्यात आत विजेचा हीटर असला, की कप्पा भट्टी होतो. फिल्टर बघा. आणि वर ड्रेनच्या ट्रेतून थेंब गळून ट्रान्सफॉर्मरवर गंजाचे ओघळ आलेत का, तेही बघा. ओल लागलेल्या वाइंडिंगचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

खरी परीक्षा: बोजा काढा, मग एकेक चढवा

ब्रेकर पाडा, ट्रान्सफॉर्मरच्या २४ व्होल्टच्या दोन्ही तारा सुट्या करून टोकांना टेप लावा आणि सप्लाय द्या. अर्धा तास थांबा. काहीच जोडलेलं नसताना २६-२७ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, रिकाम्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज चढं असतंच. पण रिकामा असूनही तो जोरात घुमत असेल, चटके देण्याइतका तापत असेल, तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत किंवा मेन्सची बाजू चुकीच्या टॅपवर (वेगळ्या व्होल्टेजसाठी काढलेल्या तारेवर) आहे. टॅप बरोबर असेल तर हा ट्रान्सफॉर्मर गेला. मल्टिमीटरने रोध मोजून याचा पत्ता लागत नाही. दोन-चार वेढे शॉर्ट झाल्याचा फरक एवढा कमी असतो की मीटर तो दाखवतच नाही.

रिकामा असताना शांत आणि गार राहिला, तर दोष तारांच्या पलीकडच्या टोकाला. आता करंट मोजायचा. साधा क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा मिटून करंट मोजणारा) एक-दीड अँपिअरवर नीट वाचत नाही. त्यासाठी २४ व्होल्टच्या एका वायरचे क्लॅम्पच्या जबड्याभोवती दहा वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. मग थर्मोस्टॅटवरून एकेक काम सुरू करा: आधी नुसता पंखा, मग थंडावा, मग हीटिंग, मग डँपर. प्रत्येक वेळी आकडा लिहा.

तिसऱ्यांदा ट्रान्सफॉर्मर गेलेल्या एका घरातली गोष्ट सांगतो. आधीचे दोन मीच बदलले होते, त्यामुळे तोंड कुठे लपवावं असं झालं होतं. फ्यूज तिन्ही वेळा शाबूत. दहा वेढ्यांवर नुसता पंखा चालू असताना ४ अँपिअर, म्हणजे खरे ०.४. थंडावा दिला आणि मीटर २३ वर गेला. २.३ अँपिअर, गुणिले २४, म्हणजे ५५ व्हीए. ट्रान्सफॉर्मर ४० चा. बाहेरच्या युनिटकडे गेलो, कॉन्टॅक्टरच्या कॉइलची एक तार काढली, मीटर धप्पकन ४ वर. म्हणजे एकटा कॉन्टॅक्टर जवळजवळ दोन अँपिअर ओढत होता. नीट ओढून बसलेल्या कॉन्टॅक्टरची कॉइल सहसा १० व्हीएच्या आतच खाते.

वीज पाडून कॉन्टॅक्टर उघडला. चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये मुंग्या चिरडून त्यांचा काळा, चिकट थर झाला होता, पोस्टकार्डाच्या जाडीचा. कॉइल ओढत होती, पण आर्मेचर (चुंबकाकडे ओढला जाणारा लोखंडी तुकडा) पूर्ण टेकत नव्हतं. एसी कॉइलचं गणित असं, की लोखंडाचं तोंड मिटलं की करंट आपोआप खाली येतो. फट राहिली तर सुरुवातीच्या झटक्यासारखा मोठा करंट सतत वाहत राहतो. घरातले लोक म्हणाले, बाहेरचं युनिट वर्षभर असंच घूं घूं करतं, कॉम्प्रेसर म्हातारा झालाय असं आम्हाला वाटलं. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. आवाज आर्मेचरच्या थरथरीचा होता. आग रामेश्वरी आणि आम्ही दोन वर्षं बंब सोमेश्वरी नेत होतो.

आधीच्या दोन वेळी मला हे का नाही सापडलं? कारण बदलल्यावर मी दहा मिनिटं चालवून बघायचो आणि निघायचो. दहा मिनिटांत ट्रान्सफॉर्मर तापत नाही. त्याला तास-दीड तास लागतो. कॉन्टॅक्टर बदलल्यावर थंडाव्याचा आकडा ७ वर आला, म्हणजे ०.७ अँपिअर.

कॉन्टॅक्टर थरथरण्याची कारणं अजूनही असतात. चुंबकाच्या तोंडावरचं तांब्याचं कडं तुटतं, किंवा २४ ऐवजी १९-२० व्होल्टच पोचतात आणि कॉइल धड ओढतही नाही, सोडतही नाही. कॉइलचे वेढे शॉर्ट झाले असतील तर त्याच मॉडेलच्या नव्या कॉइलचा रोध मोजून तुलना करा. इथे मल्टिमीटर चालतो, कारण फरक मोठा असतो.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे हळूहळू वाढलेलं कुटुंब. युनिट आलं तेव्हा एक थर्मोस्टॅट आणि एक कॉन्टॅक्टर होता. मग कोणी वायफायचा थर्मोस्टॅट लावला, कोणी तीन डँपर, कोणी ह्युमिडिफायर. सगळ्यांची लेबलं वाचून व्हीएची बेरीज करा. बेरीज ट्रान्सफॉर्मरच्या तीन चतुर्थांशाच्या वर गेली की मी मोठा ट्रान्सफॉर्मर सुचवतो, ७५ व्हीएचा, किंवा जोडउपकरणांना वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि मध्ये रिले. क्लास २, म्हणजे मर्यादित ताकदीच्या, २४ व्होल्ट वायरिंगसाठी १०० व्हीए ही वरची मर्यादा आहे, त्यापलीकडे त्या बारीक तारांवर जाऊ नये. फ्यूज वाढवणं हा तर उपायच नाही.

फ्यूज उडत असेल तर

इथे ट्रान्सफॉर्मरला सोडा आणि तारांच्या मागे लागा. बोर्डावरून थर्मोस्टॅटकडे आणि बाहेर जाणाऱ्या तारा सुट्या करा, आर (२४ व्होल्टचा पुरवठा), वाय (थंडावा), जी (पंखा), डब्ल्यू (हीटिंग), सगळ्या. मग एकेक जोडा. ज्या तारेवर फ्यूज उडेल ती वाट पकडा. दरवेळी नवा फ्यूज वाया घालवण्यापेक्षा फ्यूजच्या जागी बसणारा ३ अँपिअरचा छोटा रिसेट ब्रेकर जवळ ठेवा.

छळतो तो अधूनमधून होणारा शॉर्ट. एका ठिकाणी फ्यूज फक्त कॉम्प्रेसर सुरू होतानाच उडायचा, तोही कधी कधी. केबल बाहेरच्या युनिटच्या पत्र्यातल्या भोकातून आत शिरत होती आणि भोकाचं रबरी बूच कधीच गळून पडलेलं. पिवळ्या तारेचं कवच पत्र्याच्या कडेवर घासून घासून गव्हाच्या दाण्याएवढं निघालं होतं, आत तांबं दिसत होतं, आणि समोरच्या पत्र्यावर टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच काळे ठिपके. कॉम्प्रेसरच्या झटक्याने तार हलली की टेकायची. माणूस मीटर घेऊन जाईपर्यंत परत सुटलेली. भिंतीत केबलवर ठोकलेले स्टेपल, गवत कापायच्या यंत्राने बाहेर सोललेली केबल, फर्नेसच्या गरम पत्र्याला चिकटून वितळलेलं कवच, या जागाही बघा.

टॅप, हर्ट्झ आणि दोन ट्रान्सफॉर्मरची भानगड

बऱ्याच ट्रान्सफॉर्मरना मेन्सच्या बाजूला दोन-तीन टॅप असतात, उदाहरणार्थ २०८ आणि २४०. कारखान्यातून जोडलेला टॅप तुमच्या लाइनचा असेलच असं नाही. २४० व्होल्टची लाइन २०८ च्या टॅपवर दिली तर २४ ऐवजी जवळजवळ २८ व्होल्ट निघतात, कोअर भरून जातो आणि रिकामा असतानाही घुमतो, तापतो. उलट केलं तर २१ च्या आत राहतात आणि कॉन्टॅक्टर थरथरायला लागतो.

नुसत्या ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर लावला तर तेवढ्याच व्होल्टेजला कोअरवरचा चुंबकीय भार २० टक्के वाढतो. बाहेरून आणलेल्या युनिटमध्ये हा प्रकार असतो आणि व्होल्टेज बरोबर दिसत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. लेबलवर "५०/६०" असं दोन्ही हवं.

हीटिंग आणि कूलिंगची यंत्रं वेगवेगळी असली तर दोन ट्रान्सफॉर्मर असतात, आणि थर्मोस्टॅटवर आरएच (हीटिंगचं) व आरसी (कूलिंगचं) अशी दोन टोकं. त्यांच्यामधला जंपर (दोन टोकं जोडणारी छोटी तार) काढायचा राहिला तर दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांना भिडतात. फेज उलटे असले आणि सीच्या (परतीच्या तारेच्या) बाजूही जोडलेल्या असल्या तर ४८ व्होल्टचा शॉर्ट, आणि दोन्ही मिळून जळतात. नवा थर्मोस्टॅट लावल्यावर आठवड्याभरात ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर मी आधी हा जंपर बघतो.

बदलायचाच असेल तर

व्होल्टेज, हर्ट्झ आणि व्हीए तिन्ही जुळवून घ्या. व्हीए जास्त चालेल, कमी नाही. न वापरलेल्या टॅपच्या तारा जिवंत असतात, त्यांना वेगवेगळ्या टोप्या घाला, कधीही एकत्र वळू नका. आतला थर्मल फ्यूज उडालेला ट्रान्सफॉर्मर उघडून तो फ्यूज तारेने जोडणारे हुशार लोक असतात. तसं करू नका, तो एकदाच उडायला बसवलेला असतो आणि आग लागू नये म्हणूनच असतो.

बसवल्यावर थंडावा आणि बाकी सगळं एकदम चालू करून दीड तास चालवा, मग टेपवरचं तापमान, २४ व्होल्टच्या बाजूचं व्होल्टेज आणि करंट मोजा. हे तीन आकडे आणि तारीख पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. त्या तिसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या घरी पॅनेलच्या आत माझ्या अक्षरात आता चार ओळी आहेत. त्यातल्या पहिल्या दोन ओळींत तारखेशिवाय काहीच नाही.